पंखा ओरडतो कशासाठी? उपकरणाच्या खोक्यातली हवेची वाट

गेल्या मे महिन्यात नागपूरला ताईकडे गेलो होतो. हॉलमध्ये नवं टीव्ही युनिट बसवलेलं. सुताराने काम देखणं केलं होतं: गुळगुळीत सनमायका, बंद शटर, एकही वायर नजरेला पडत नाही. त्या शटरमागे एकाच खणात सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर आणि भाच्याचा गेमिंग कन्सोल. राउटरवर धूळ बसू नये म्हणून ताईने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल.

भाचा म्हणाला, "मामा, अर्धा तास खेळलं की हा मिक्सर लावल्यासारखा ओरडायला लागतो. फॅन गेलाय बहुतेक. नवीन आणू या का?"

शटर उघडलं तर कुकरचं झाकण काढल्यावर येतो तसा गरम झोत तोंडावर आला. देवघरातून एक उदबत्ती आणली, पेटवली आणि कन्सोलच्या मागच्या जाळीपासून वीतभर लांब धरली. शटर अर्धवट लोटून फटीतून पाहत राहिलो. धूर झोताबरोबर मागे फेकला गेला, युनिटच्या पाठीच्या प्लायवर आपटला, वर चढला, वरच्या फळीला घासत पुढे आला आणि कन्सोलच्या पुढच्या फटींतून पुन्हा आत ओढला गेला. जी हवा बाहेर टाकायची तीच परत आत. पंखा ठणठणीत होता. त्याला ताजी हवाच मिळत नव्हती, म्हणून तो जीव तोडून फिरत होता.

उपकरण किती तापेल आणि किती आवाज करेल, हे आतल्या चिपवर अवलंबून असतंच. पण त्या चिपभोवती जे खोकं असतं त्याचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. आणि कंपनीने दिलेली बॉडी हे पहिलं खोकं धरलं, तर आपण ते उपकरण ज्या कपाटात कोंबतो ते दुसरं. पहिलं आपल्या हातात नसतं, दुसरं पूर्णपणे असतं.

वीज आत गेली, आता उष्णता बाहेर यायला हवी

राउटर, सेट-टॉप बॉक्स, कन्सोल, कॉम्प्युटर ही मंडळी विजेचं करतात काय? चित्र दाखवतात, हिशेब करतात, सिग्नल पाठवतात. पण भौतिकशास्त्राच्या वहीत पाहिलं तर आत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. राउटर साधारण १० वॅट खातो, म्हणजे १० वॅटची शेगडीच ती. मोठा गेम चालू असताना कन्सोल २०० वॅटच्या आसपास जातो. आठवतात ना ते जुने पिवळे १०० चे बल्ब, ज्यांना हात लावला की चटका बसायचा? तसे दोन बल्ब कपाटात लावून दार बंद करा, म्हणजे भाच्याच्या खणात काय चाललं होतं ते कळेल.

ही उष्णता मुख्यतः हवेवर बसून बाहेर जाते, आणि हवा हे फार लहान वाहन आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर हवेचं वजन जेमतेम सव्वा किलो. त्यामुळे १०० वॅट उष्णता वाहून न्यायची आणि हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, असं ठरवलं तर दर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा बदलावी लागते. २०० वॅटच्या कन्सोलसाठी १६-१७ लिटर. आंघोळीची बादली साधारण तेवढीच असते. दर सेकंदाला एक बादली थंड हवा आत, एक बादली गरम हवा बाहेर, न थांबता.

ताईच्या युनिटचा तो खण एक मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर खोल आणि पंचवीस उंच होता. म्हणजे १०० लिटर, सहा बादल्या. फळ्यांनी काहीच उष्णता शोषली नाही असं क्षणभर धरलं, तर त्यातली सगळी हवा १० अंशांनी तापायला सहा सेकंद पुरतात. फळ्या थोडी शोषतात म्हणून जरा वेळ लागतो. पण लाकूड आणि प्लाय हे उष्णतेचे वाईट वाहक, म्हणून तर कलथ्याला आणि तव्याला लाकडी मूठ असते. तीच मूठ इथे चहूबाजूंनी लावलेली.

चिपपासून खोलीपर्यंतच्या पायऱ्या

चहा कपात लवकर निवत नाही, बशीत ओतला की निवतो, कारण तेवढाच चहा जास्त हवेला भिडतो. उपकरणात चिपच्या डोक्यावर बसवलेला पात्यापात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा हेच काम करतो. त्याला हीटसिंक म्हणतात. नखाएवढ्या चिपची उष्णता तो तळहातभर, कधी वर्तमानपत्राच्या पानाएवढ्या पृष्ठभागावर पसरवतो. चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या बारीक फटी भरायला पेस्ट लावलेली असते; दुरुस्तीवाले "पेस्ट बदलली" म्हणतात ती हीच.

तापमान या वाटेवर पायऱ्यापायऱ्यांनी चढतं. तळमजला म्हणजे खोलीचं तापमान. त्यावर कपाटातल्या हवेची पायरी, त्यावर बॉडीच्या आतल्या हवेची, मग हीटसिंकची, पेस्टची आणि सगळ्यात वर चिप. पुण्यात डिसेंबरात तळमजला २२ अंशांवर असतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात दुपारी खोलीच ३८-४० वर. पायऱ्या त्याच, पण संपूर्ण जिनाच सोळा-अठरा अंश वर उचलला गेला. त्यात बंद कपाटाची पायरी आणखी दहा-पंधरा अंशांची केली तर चिपचं डोकं थेट छताला टेकतं. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत चालेल असं असतं. सोनीच्या प्लेस्टेशन ५ साठी ती मर्यादा ३५ आहे. "भोवतालची हवा" म्हणजे उपकरण ज्या हवेत बसलंय ती. हॉलमधल्या सोफ्यापाशी किती अंश आहेत याच्याशी राउटरला देणंघेणं नाही.

मर्यादा ओलांडली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. भर दुपारी वायफाय मंद होतं, व्हिडिओ अडखळतो, तेव्हा आपण कंपनीला फोन लावतो. दोष कधी लाइनचा असतो, कधी पळणारी चिप गुपचूप चालायला लागलेली असते. दुसरं नुकसान हळूहळू होतं. टीव्हीवाला "कंडेन्सर फुगलाय" म्हणतो, ती छोटी नळकांडी आतल्या द्रवावर चालतात. त्यांच्याबाबतीत जुना ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. कपाटातल्या त्या एका पायरीची किंमत एवढी.

धुराडं आणि कागदाचं पान

राउटरला, सेट-टॉप बॉक्सला बहुधा पंखा नसतोच. त्यांचं सगळं धुराड्यावर चालतं: गरम हवा हलकी, ती वरच्या फटींतून निघते, तिच्या जागी खालच्या फटींतून थंड हवा येते. म्हणून अशा खोक्यांना खाली आणि वर, दोन्हीकडे फटी असतात आणि खाली रबरी पाय असतात. ते पाय टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून दिलेत असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे त्या चार-पाच मिलिमीटरच्या सांदीतून ते खोकं श्वास घेतं.

आता या धुराड्याचा जोर किती, ते मला इथे सांगायचंच आहे, कारण हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी पुन्हा काढून पाहिला होता. दहा सेंटिमीटर उंचीचं खोकं, आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी गरम. या फरकाने जो दाब तयार होतो तो पास्कलच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पास्कल बाजूला ठेवा. टेबलावर झेरॉक्सचा एक कोरा कागद पसरून ठेवला, तर त्या कागदाच्या वजनाचा टेबलावर जो दाब पडतो, त्याचा हा साधारण दहावा भाग! एवढ्याशा रेट्यावर आपल्या घरातला राउटर दिवसाचे चोवीस तास गार राहतो.

मग त्यावर रुमाल टाकला तर? ताईचा रुमाल जाळीदार होता, "हवा जातेच की त्यातून" असं ती म्हणाली, आणि तोंडाने फुंकून दाखवलं. फुंकर त्यातून गेली. पण फुंकरीचा दाब आणि त्या धुराड्याचा दाब यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. फुंकर दार ढकलून जाते. धुराड्याची हवा दार उघडं असेल तरच जाते. सेट-टॉप बॉक्सवर राउटर आणि राउटरवर रिमोटांचा डबा अशी उतरंड रचली की खालच्याचं धुराडं वरच्याच्या तळाने बंद होतं, आणि वरच्याला तळातून मिळते ती खालच्याची उरलेली गरम हवा.

उभं ठेवायचं उपकरण आडवं ठेवलं की असंच होतं. धुराड्याचा जोर उंचीवर असतो. उंची वीस सेंटिमीटरची चार झाली की जोर पाचपट कमी.

दोन खिडक्या आणि त्यांच्यामधली वाट

एकच खिडकी असलेल्या खोलीत वारा येत नाही, समोरासमोर दोन असल्या की येतो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण दोन खिडक्या कुठे आहेत याला भोकांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्व असतं.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन पाहा. फोडणी दिली, मिरचीचा ठसका उठला, फॅन लावला. फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी असेल तर फॅन त्या खिडकीतून हवा ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो. फिरतोय जोरात, पण ठसका ओट्याशीच. ती खिडकी लावा आणि समोरचं दार उघडा. हवा सगळ्या स्वयंपाकघरातून ओढली जाते आणि दोन मिनिटांत खोली मोकळी. उपकरणाचं खोकं आखणाऱ्याचं अर्धंअधिक काम हेच असतं. हवा सोपी वाट शोधते. तिला हीटसिंकच्या पात्यांमधून जायला लावायचं असेल तर बाकीच्या सोप्या वाटा बुजवाव्या लागतात. म्हणून चांगल्या बॉडीत प्लास्टिकचे पडदे, पन्हळी, फोमच्या पट्ट्या असतात. दुरुस्तीच्या वेळी "ही पट्टी जास्तीची दिसते" म्हणून कोणी काढून टाकली की उपकरण पूर्वीपेक्षा तापायला लागतं.

याच्या उलटही घडतं, वाट घरातच बुजते. इंडक्शन शेगडी आठवा. तिचा पंखा आणि हवेच्या फटी तळाला असतात. ओटा खराब होऊ नये म्हणून आपण खाली वर्तमानपत्र अंथरतो. शेगडी चालू झाली की पंखा हवा खालून ओढतो, कागद उचलला जातो आणि जाळीला चिकटून बसतो. वरून काहीच दिसत नाही. फक्त पंख्याचा सूर बदलतो, जरा चिरका होतो, आणि पोळ्या व्हायच्या आत शेगडी आपली आपण बंद पडते. घरी असं होत असेल तर शेगडी बंद करून तळाला बघा, कागदावर जाळीचा गोल ठसा उमटलेला सापडेल.

आवाज येतो कुठून?

आवाज मोजायचं एकक डेसिबल. त्याचा हिशेब बेरजेचा नसतो: १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती घराबाहेरच्या परिसराची. कपाटातल्या पंख्याला कायदा नाही, झोप मात्र त्याच्याशीच बांधलेली.

पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट. आणि वेग वाढवायचं कोण ठरवतं? आतला तापमान मोजणारा सेन्सर. वाट चोंदली, हवा तापली, सेन्सरने पंख्याला वेग वाढवायला सांगितलं. म्हणून ओरडणारा पंखा बहुतेक वेळा आजारी नसतो, तो आजाराची खबर देत असतो. पंखा खरोखर बिघडला की आवाज वेगळा येतो: खरखर, कटकट, बेअरिंग घासल्याचा कोरडा सूर.

मोठा पंखा सावकाश फिरवणं केव्हाही बरं. सारख्याच घडणीचा पंखा व्यासाने दुप्पट केला, तर कागदावरच्या हिशेबाने तेवढीच हवा हलवायला आठव्या हिश्श्याचा वेग पुरतो, आणि आवाज कितीतरी खाली येतो. पण इथे एक मेख आहे. सावकाश फिरणाऱ्या मोठ्या पंख्याला रेटा नसतो. तो मोकळ्या वाटेनेच हवा हलवू शकतो. बारीक जाळी, धुळीचा थर, मागे टेकलेली भिंत यातलं काहीही आडवं आलं की त्याची ताकद संपते. शांत उपकरण हवं असेल तर मोठा पंखा, मोठ्या पंख्याला मोकळी वाट, आणि मोकळ्या वाटेला मोठं खोकं: एकात एक गुंतलेलं आहे हे.

जाळीचंही तसंच. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी सूंऽऽ आवाज करत फवारतं. अंगठा काढला की तेवढंच पाणी मुकाट वाहतं. पत्र्यात थोडी थोडी भोकं पाडलेली जाळी हवेच्या वाटेवरचा अंगठा आहे. मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी भोकं पाडली तर पत्रा तेवढाच मजबूत राहून मोकळी जागा बरीच वाढते, म्हणून चांगल्या बॉडीवर ती दिसतात. जाळी पात्यांना अगदी खेटून असली तर आणखी एक त्रास होतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १७५ वेळा एखादं पातं जाळीच्या त्याच दांडीसमोरून जातं. प्रत्येक वेळी हवेला एक झटका. सेकंदाला १७५ झटके म्हणजे एक ठराविक सूर. नुसत्या वाऱ्याच्या सळसळीला कान सरावतो, झोपही लागते. एकसुरी गुणगुण मात्र डासासारखी कानात घुसते, मोजमापात ती क्षीण असली तरीही. जाळी आणि पातं यांत एक-दोन सेंटिमीटरची फट ठेवली की हा सूर बराच मावळतो.

आणि शेवटी थरथर. मोबाइल व्हायब्रेटवर टाकून उशीवर ठेवा, ऐकूही येत नाही. तोच स्टीलच्या ताटात ठेवा, शेजारचा उठेल. फोनची मोटर तीच. बोलतंय ते ताट. पातळ पत्र्याची बॉडी, पोकळ टीव्ही युनिट, प्लायची फळी हे सगळे असे ताटाचे भाऊ. म्हणून पंखे रबराच्या खुंट्यांवर बसवतात, पत्र्याला घड्या देऊन ताठ करतात. घरात कन्सोलच्या किंवा सीपीयूच्या खाली जुन्या योगामॅटचा तुकडा घातला तरी फरक कळतो, फक्त तळाची जाळी झाकली जाता कामा नये.

देखण्या खोक्यांचा इतिहास

मोठमोठ्या कंपन्यांनीही यात ठेच खाल्ली आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणला. सडपातळ, मध्ये कंबर चिमटलेली बॉडी. चित्र काढणाऱ्या चिपच्या थेट वर डीव्हीडी ड्राइव्ह आल्यामुळे तिच्या हीटसिंकला उंचीच मिळाली नाही. चिप तापायची, निवायची, पुन्हा तापायची. या ताणाने सोल्डरचे जोड निकामी व्हायचे आणि पुढच्या बटणाभोवती लाल दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

२०१३ चा ॲपलचा मॅक प्रो पाहायला अप्रतिम होता. काळा चकचकीत दंडगोल, आत त्रिकोणी हीटसिंक, वर एकच मोठा पंखा. खालून हवा आत, वरून बाहेर: धुराड्याची कल्पना इतकी स्वच्छ क्वचितच कोणी उतरवली असेल, आणि तो खरोखर शांत होता. पण त्रिकोणाच्या तीन बाजूंना सारखीच उष्णता येईल असं त्यात गृहीत होतं. पुढे एकच मोठी, खूप तापणारी चिप लावायची वेळ आली तेव्हा त्या खोक्यात ती बसेना. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं, हे कंपनीने २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं.

मग २०२० साली आलेला प्लेस्टेशन ५ जवळजवळ ३९ सेंटिमीटर उंच का, याचं उत्तर मिळतं. लोकांनी त्याच्या आकाराची खूप चर्चा केली. आत १२ सेंटिमीटर व्यासाचा, ४.५ सेंटिमीटर जाडीचा पंखा आणि भलामोठा हीटसिंक आहे. त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सने सरळ उभी चौकोनी बॉडी घेतली, खालून आणि मागून हवा ओढून वरच्या एका मोठ्या पंख्याने बाहेर टाकली. दोघांनीही जागा खर्च करून शांतता विकत घेतली.

मग सगळीकडे भोकंच पाडली तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि काही जण सीपीयूचं एक झाकण कायमचं काढून ठेवतात. कधी त्याने तापमान उतरतं, कधी चढतं, कारण झाकण काढलं की हवेला सोपी वाट मिळते आणि ती हीटसिंकला वळसा घालून निघून जाते. आवाज मात्र सरळ कानावर येतो. धूळ बसते. आपल्याकडे पाली आणि झुरळं उबेला येतात. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये बोर्डावर पाल चिकटून शॉर्ट झाल्याचं कुठल्याही मेकॅनिकला विचारा. शिवाय आत विजेचे उघडे भाग असतात. प्रयोगशाळेत यासाठी १२ मिलिमीटर जाडीचं, सांधे असलेलं एक नकली बोट वापरतात. ते फटीतून आत जाऊन धोक्याच्या भागाला टेकता कामा नये. फटी अरुंद आणि लांबट का असतात, याचं हे एक कारण.

बॉडी गरम लागते म्हणजे बिघाड?

नेहमी नाही. आजच्या बऱ्याचशा फ्रिजच्या बाजू हाताला चांगल्या गरम लागतात, कारण पूर्वी मागे दिसणारी काळी नळ्यांची जाळी आता बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. आतली उष्णता तिथून बाहेर पडतेय, म्हणजे काम चाललंय. म्हणून तर फ्रिज भिंतीला आणि कपाटाला चिकटवून ठेवायचा नसतो. धातूच्या लॅपटॉपचंही तसंच. त्याच तापमानाचं प्लास्टिक हाताला कमी गरम लागतं, कारण ते उष्णता हाताकडे हळू सोडतं. बाहेरून थंड आणि आतून धगधगणारं खोकं जास्त काळजीचं.

मग राउटरची बॉडी धातूची का करत नाहीत? अँटेना आत असेल तर धातूच्या पेटीत वायफायच्या लहरी अडकतील. म्हणून प्लास्टिक, आणि प्लास्टिकमधून उष्णता सहज जात नाही म्हणून इतक्या साऱ्या फटी. त्याच फटींवर आपण रुमाल घालतो.

पंखाच नसलेलं घेतलं तर? किंवा स्पंज लावला तर?

पंखा नसलेलं उपकरण पूर्ण शांत असतं आणि वाचन, सिनेमा, ऑफिसचं काम यांना उत्तम. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ चिपपासूनचे ॲपलचे मॅकबुक एअर लॅपटॉप असेच आहेत. पण तासभर सलग जड काम दिलं की ते वेग कमी करतात, कारण उष्णता फक्त बॉडीतूनच जाते. पाण्याने थंड करणारे कॉम्प्युटर मिळतात, त्यांच्याविषयी गैरसमज मोठा आहे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ती चिपपासून उचलून मोठ्या रेडिएटरपाशी नेतं, आणि तिथे पुन्हा पंखा आणि हवाच लागते.

स्पंजबद्दल सांगायचं तर पातळ फोम तीक्ष्ण, उंच आवाज थोडे शोषतो. खालची घरघर त्याला जुमानत नाही. आवाज आणि हवा एकाच भोकातून ये-जा करतात ही खरी अडचण. भोक बुजवलं तर दोन्ही बंद. सोसायटीतल्या जनरेटरची पेटी पाहिलीत तर तोड दिसेल. तिथे नियमाप्रमाणे आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत ठेवावा लागतो, आणि इंजिनाला हवा तर हवीच. म्हणून हवेची वाट वळणावळणाची करतात आणि भिंतींना आतून जाड अस्तर लावतात. हवा वळणं घेत निघून जाते, आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात मुरत जातो. त्यासाठी इंजिनापेक्षा कितीतरी मोठी पेटी लागते. पुन्हा जागाच.

ताईच्या कपाटाचं काय केलं

शटर काढून टाकायला ती तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं रास्त होतं. त्या युनिटसाठी तिने दोन वर्षं पैसे साठवले होते. सुताराला पुन्हा बोलावलं. पाठीच्या प्लायला वरच्या काठाशी, कन्सोलच्या झोतासमोर, एक लांबट खिडकी कापली. युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे घेतलं, नाहीतर खिडकी भिंतीतच उघडली असती. खालच्या फळीला पुढच्या बाजूने, जिथे कोणाला दिसत नाही, एक फट दिली. एकूण कापलेली जागा वहीच्या दोन पानांएवढी. राउटर खणातून काढून युनिटच्या वर उभा ठेवला. कन्सोल मध्ये सरकवून त्याच्या मागे मोकळी जागा सोडली आणि मागच्या जाळीतली धूळ ब्रशने झाडली.

मग पुन्हा उदबत्ती. या वेळी धूर मागच्या खिडकीतून सरळ निघून गेला, भिंतीला धरून वर चढला आणि छताशी विरला. खालच्या फटीपाशी धरली तर आत ओढला गेला. भाचा तासभर खेळला. दुसऱ्या गेमच्या मध्ये त्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि कान देऊन ऐकलं, मग काही न बोलता पुन्हा चालू केला.

क्रोशाचा रुमाल ताईने धुऊन, इस्त्री करून आजीच्या हाताच्या शिवणयंत्रावर घातलाय.